उन्हाचा चष्मा : भोकरपासून एव्हरेस्टपर्यंत

वाचण्याचा चष्मा आणि दूरचें पाहण्याचा चष्मा हे दोन प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. तिसरा जो उन्हाचा चष्मा, ज्यास बाजारांत गॉगल म्हणतात, त्याला आमच्या मराठवाड्यांत अजून फारशी प्रतिष्ठा लाभलेली नाहीं. नांदेड-लातूरकडील खेड्यांत काळा चष्मा दोनच माणसांच्या नाकावर शोभतो अशी समजूत पुष्कळ वर्षें होती : एक सिनेमांतील नायक, आणि दुसरा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करवून नेत्रशिबिरांतून घरीं परतलेला म्हातारा. पहिल्याची ती ऐट, दुसऱ्याचा तो नाइलाज. ह्या दोहोंच्या मध्यें दिवसाचे आठ-दहा तास उन्हांत काढणारे शेतकरी, ऊसतोड करणारे मजूर, मेंढपाळ आणि पायीं वारी करणारे वारकरी येतात. त्यांच्या डोळ्यांचा विचार मात्र कोणाच्या मनांत आला नाहीं. आज ह्या चष्म्याचा थोडा इतिहास सांगण्याचें मीं योजिलें आहे. हा विषय परदेशचा वाटेल. परंतु त्याचा एक धागा आपल्याच जिल्ह्यांतून जातो, म्हणून आरंभहि तेथूनच करतों.

इ. स. १८०२ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासजवळ विल्यम लँबटन नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें साखळीनें जमीन मोजून एक पायारेषा आंखली, आणि तेथून त्रिकोणास त्रिकोण जोडीत हिंदुस्थानचें माप घेण्यास प्रारंभ केला. ह्याच कामास पुढें 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' असें नांव पडलें. दक्षिण टोंकापासून उत्तरेकडे जाणारी त्यांतील मुख्य माळ सुमारें ७७ अंश ४० कला ह्या रेखांशाच्या आसपासनें चालते. १८१५ सालीं बिदरजवळ एक पायारेषा मोजण्यांत आली, आणि त्या बाजूच्या दामरगिड्डा येथील ठाण्यापासून ही माळ वऱ्हाडच्या रोखें निघाली. नकाशा उघडून पाहावा, म्हणजे देगलूर, बिलोली आणि भोकर हीं आपलीं गांवें ह्या रेषेपासून कांहीं कोसांच्या आंतच आहेत असें दिसून येईल. तो सारा मुलूख त्या काळीं निजामाचा. अर्धा टन वजनाचा थिऑडोलाइट माणसांच्या खांद्यांवर घेऊन, टेकडीमागून टेकडी चढत, दूरच्या टेकडीवरील निशाणावर दुर्बीण रोखून कोन वाचीत हीं माणसें आमच्या माळांवरून गेलीं.

आणि ह्या लँबटनचा डावा डोळा अधू होता ! हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं तो उत्तर अमेरिकेंत नोकरीस होता. तेथें सूर्यग्रहणाचा वेध घेत असतां डोळ्यास पुरेसें आवरण नसल्यामुळें त्याच्या दृष्टीस जन्माचा अपाय झाला. आमच्या भूगोलाच्या पुस्तकांतून ह्या मोजणीचें वर्णन एका वाक्यांत आटोपतें, आणि ही गोष्ट तर त्यांत येतच नाहीं. ती यावी असें मला वाटतें. ज्या मोजणीचें सारें यश दुर्बिणीला लावलेल्या डोळ्यावर अवलंबून होतें, ती सुरू करणारा पुरुष एकाच चांगल्या डोळ्यानें ती करीत होता, आणि दुसरा डोळा त्यानें एका काळ्या कांचेच्या अभावीं गमावला होता. लँबटन २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धेजवळ हिंगणघाट येथें काम करीत असतांनाच वारला. त्याच्या मागून हें काम जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आलें.

उन्हानें ह्या लोकांस दोन प्रकारें छळलें. पहिला छळ झळांचा. उन्हाळ्यांत तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरते, आणि दूरचें निशाण दुर्बिणींत नाचूं लागतें; त्यामुळें कोन वाचतां येत नाहीं. १८३० नंतर एव्हरेस्टनें ह्यावर उपाय योजिला : दिवसा सूर्याचा कवडसा दूरवर फेंकणारे आरसे, आणि रात्रीं दिवे व निळ्या ज्योती. रात्रीं हवा स्थिर असल्यामुळें वाचन अधिक बिनचूक होई. दुसरा छळ डोळ्यांचा, आणि त्यावर मात्र कांहींच उपाय नव्हता. सूर्याकडे रोखावयाच्या उपकरणास काळी कांच असे; पण ज्या माणसानें दिवसभर माळावर उभें राहावयाचें त्याच्या डोळ्यांस ती नसे. रंगीत कांचांचे चष्मे यूरोपांत माहीत नव्हते असें नाहीं. १७५२ च्या सुमारास लंडनच्या जेम्स आयस्कॉफनें हिरव्या व निळ्या कांचांची शिफारस केली होती; परंतु ती अशक्त डोळ्यांसाठीं, उन्हासाठीं नव्हे. आमच्याकडील खलाशांजवळ तर मुंडासें आणि उपरण्याची घडी एवढेंच साधन.

येथें कोणी विचारील कीं, मुंडाशावर भागत होतें, मग चष्मा हवाच कशाला ? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आमच्या जमिनीच्या रंगांत दडलेलें आहे. डोळ्यांस इजा करणारे जे किरण, त्यांस पूर्वीं जंबुपार म्हणत, हल्लीं अतिनील म्हणतात. ते डोळ्यांस दिसत नाहींत व त्वचेस ऊबहि देत नाहींत. म्हणून ऊन जितकें कडक भासतें तितका त्यांचा मारा अधिक, हा समज चुकीचा आहे. हे किरण वरून येतात तसेच जमिनीवरून उसळूनहि येतात. माती व गवत त्यांचा दहावा हिस्साहि परत फेंकीत नाहीं. कोरडी वाळू सुमारें शेंकडा १५ फेंकते. ताजें बर्फ मात्र शेंकडा ८० पर्यंत परत फेंकतें. म्हणजे आमच्या काळ्या रानांत शत्रु बहुतेक वरूनच येतो, आणि पटक्याचा किंवा पदराचा आडोसा त्याचा मोठा भाग अडवितो. गोदावरीच्या वाळवंटांत, विष्णुपुरीच्या जलाशयाच्या कांठीं अथवा चुन्यानें पांढऱ्या केलेल्या भिंतींच्या गल्लींत हें गणित थोडें बदलतें. आणि बर्फावर तर तें पुरतें उलटतें. तेथें टोपी कितीहि मोठी असो, किरण खालून डोळ्यांत शिरतात.

उंचीचा हिशेब निराळाच आहे. समुद्रसपाटीपासून दर एक हजार मीटर वर चढावें तसे हे किरण शेंकडा दहा-बारांनीं वाढतात. नांदेडची उंची सुमारें साडेतीनशें मीटर, लातूरची सुमारें सव्वासहाशें. एवढ्यानें विशेष फरक पडत नाहीं. पण पांच हजार मीटरांवर तेंच प्रमाण दीडपटीच्या घरांत जातें, आणि खालून बर्फ त्यांत भर घालतें. वैशाखांत पारा ४३-४४ अंशांवर गेला असतां नांदेडच्या रस्त्यानें जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षां, हुडहुडी भरणाऱ्या हिमालयांत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे अधिक भाजतात. हें ऐकून कित्येकांस नवल वाटतें.

हें नवल बर्फाच्या प्रदेशांतील लोकांस फार जुन्या काळापासून ठाऊक होतें. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक हाड, हस्तिदंत वा लांकूड कोरून डोळ्यांवर बसेल अशी पट्टी करीत, आणि तींत आडवी बारीक चीर ठेवीत. कांच नाहीं, रंग नाहीं. पण प्रकाश चिमटीनें मोजून घ्यावा तसा आंत येई. माझ्या मतें मनुष्याच्या बुद्धीनें घडविलेल्या सुंदर वस्तूंत हिची गणना व्हावयास हवी. ती दंवानें धुरकटत नाहीं आणि पडली तरी फुटत नाहीं, हें आजच्या किती चष्म्यांविषयीं म्हणतां येईल ?

आतां पुन्हा एव्हरेस्टकडे वळूं. माणसाकडे नव्हे, शिखराकडे. मोजणीच्या त्याच कामांतून १८५६ सालीं हिमालयांतील एका शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचें जाहीर झालें, आणि १८६५ सालीं त्या शिखरास जॉर्ज एव्हरेस्टचें नांव मिळालें. भोकरच्या टेकड्यांवरून गेलेली त्रिकोणांची माळ अशा रीतीनें जगाच्या माथ्यापर्यंत पोंचली. ह्याच शिखरावर काळ्या चष्म्याची खरी परीक्षा झाली.

४ जून १९२४ रोजीं एडवर्ड नॉर्टन हा इंग्रज तुकडीचा नायक प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय २८,१२६ फुटांपर्यंत चढला. इतक्या उंचीवर तोंपर्यंत कोणी गेलें नव्हतें. वाट खडकाळ होती. चष्म्याच्या जाड कडांमुळें पाय कोठें पडतो हें दिसेना, म्हणून त्यानें तो काढून ठेवला. पायांखालीं बर्फ नाहीं, खडक आहे, मग चष्म्याचें काय काम, असें त्यास वाटलें असावें. त्याच रात्रीं त्याचे डोळे आग होऊन मिटले. ह्या विकारास हिमांधत्व म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यास उन्हानें भाजतें; पण तें त्या क्षणीं कळत नाहीं, सहा ते बारा तासांनीं कळतें, हें त्यांतलें कपट आहे. दुखूं लागेपर्यंत व्हावयाचें तें नुकसान होऊन गेलेलें असतें. ६ जूनला जॉर्ज मॅलरी व त्याचा तरुण सोबती अर्व्हाइन शेवटच्या चढाईस निघाले, तेव्हां तुकडीचा नायक तंबूंत आंधळा होऊन पडला होता. त्यांना जातांना तो पाहूंहि शकला नाहीं. नॉर्टनचे डोळे कांहीं दिवसांनीं बरे झाले. ते दोघे मात्र परत आले नाहींत.

पंचाहत्तर वर्षांनीं, १ मे १९९९ रोजीं, मॅलरीचा देह डोंगराच्या उत्तर अंगास सांपडला. त्याचा बर्फाचा चष्मा खिशांत होता. ह्यावरून अभ्यासकांनीं असा तर्क केला कीं, अपघात झाला तेव्हां अंधार पडला असावा; कारण दोनच दिवसांपूर्वीं नॉर्टनची अवस्था प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य भर दिवसा चष्मा खिशांत ठेवणार नाहीं. त्याजवळ दुसरा जोड असेल, अशी शंका काढणारेहि आहेत. कांहीं असो, माणसाच्या अखेरच्या प्रहराची वेळ त्याच्या चष्म्याच्या जागेवरून ठरवूं पाहावी, असा इतिहासांतील प्रसंग विरळा.

पुढें ह्याच शिखरावर मराठी पावलेंहि उमटलीं. १९९८ सालीं पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तेथें पोंचले, आणि मे २०१२ मध्यें पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनीं एकाच मोहिमेंत तें शिखर गांठलें. बर्फाशीं मराठी माणसाचा दुसरा संबंध गोव्याच्या बंदरांतून जडला. ६ डिसेंबर १९८१ रोजीं डॉ. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखालीं भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली, आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं ती त्या खंडावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेंत नागपुरांत जन्मलेल्या अदिति पंत ह्या समुद्रशास्त्रज्ञ बाई होत्या. त्या व सुदीप्ता सेनगुप्ता ह्या भारतीय मोहिमेंतून अंटार्क्टिकेवर जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया. आमच्या हिंवाळ्याच्या त्या दिवसांत तेथें सूर्य मावळतच नाहीं. घड्याळांत रात्र झाली तरी बर्फावर ऊन तसेंच, आणि तंबूबाहेर पाऊल टाकावयाचें तर मध्यरात्रींहि काळा चष्मा चढविणें भाग.

कांचेच्या शास्त्राची प्रगति कशी झाली तें थोडक्यांत सांगतों. १९१३ सालीं सर विल्यम क्रुक्स ह्यांनीं कांच कारखान्यांतील मजुरांस होणाऱ्या मोतीबिंदूचा विचार करतां करतां कांचेंत निरनिराळीं द्रव्यें मिसळून घातक किरण अडविणारी कांच तयार केली. लक्षांत घ्या, ही खटपट हौशी प्रवाशांसाठीं नव्हती, मजुरांसाठीं होती. १९२९ सालीं अमेरिकेंत सॅम फॉस्टरनें समुद्रकिनाऱ्यावर स्वस्त गॉगल विकण्यास आरंभ केला. त्याच सुमारास एड्विन लँडनें पाण्यावरील व रस्त्यावरील चकाकी गाळणारा पोलराइड पडदा काढला, आणि १९३७ पासून वैमानिकांच्या धर्तीचे रे-बॅन चष्मे बाजारांत आले. येथून पुढें हा चष्मा कारखान्यांतून निघून चैनीच्या दुकानांत शिरला. माझ्या मतें त्याचें नुकसान तेथेंच झालें. कारण तेव्हांपासून लोक त्याची परीक्षा आरशांत पाहून करूं लागले.

दूरच्या पायीं प्रवासास निघणाऱ्यानें चष्मा निवडावा कसा ? सर्वांत मोठा घोंटाळा काळेपणाचा. कांच जितकी काळी तितकी सुरक्षित, हें खरें नाहीं. काळेपणा दिसणाऱ्या प्रकाशास अडवितो. जंबुपार किरणांस अडविण्याचा गुण निराळा असतो, आणि तो डोळ्यांनीं पाहून कळत नाहीं. उलट नुसत्याच काळ्या कांचेमागें डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि कांच ते किरण अडवीत नसेल तर त्यांस अधिक रुंद दार मिळतें. म्हणून चष्म्यावर '४०० नॅनोमीटरपर्यंत' संरक्षण असल्याचा उल्लेख पाहावा, आणि तो विश्वासाच्या चष्मेवाल्याकडून घ्यावा. कित्येकांकडे तें तपासण्याचें यंत्र असतें. काळेपणाच्या प्रती शून्यापासून चारपर्यंत ठरलेल्या आहेत. तिसरी प्रत शेंकडा ८ ते १८ प्रकाश आंत घेते; आमच्या उन्हास ती पुरेशी. चौथी फक्त ३ ते ८ घेते; ती उंच बर्फासाठीं असून ती लावून गाडी हांकणें धोक्याचें आहे. राखी रंगांत वस्तूंचे रंग खरे दिसतात. तपकिरी रंगांत वाटेवरील खळगे स्पष्ट होतात, म्हणून माळावरून चालणाऱ्यास तो बरा. पोलराइड कांच नदी-तलावाच्या कांठीं उत्तम. मात्र तिच्यांतून मोबाइलचा पडदा कधीं कधीं काळा दिसतो, हें नकाशा पाहणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

कांचेइतकेंच महत्त्व चौकटीचें आहे, आणि दुकानांत नेमका ह्याच गोष्टीचा विसर पडतो. डोळ्यास लागून बसणारी, बाजू झांकणारी चौकट घ्यावी. कडेनें येणारें ऊन कांचेला वळसा घालून आंत येतें. बर्फावर जाणाऱ्यास बाजूंस कातड्याचे पडदे असलेली चौकट आवश्यक. आमच्याकडे धातूची चौकट वैशाखांत कानशिलास चटके देते, तेव्हां हलकी प्लॅस्टिकची बरी. माहूरच्या बाजूस किनवटच्या जंगलांतून उन्हाळ्यांत चालत जाणाऱ्यास सांवली मिळेल असें वाटतें. पण सागाचीं झाडें त्या दिवसांत निष्पर्ण असतात, आणि घाम इतका येतो कीं चष्मा नाकावर ठरत नाहीं. चष्म्यास मागून दोरी बांधावी. त्यांत कमीपणा कसला ? लांबच्या मोहिमेवर एक जादा जोड पिशवींत असावा, हें नॉर्टनच्या गोष्टीनंतर वेगळें सांगावयास नको.

वेळेविषयीं एक गैरसमज दूर करतों. भर दुपारीं डोळ्यांस सर्वांत जास्त अपाय होतो असें आपण धरून चालतों. जपानांतील संशोधकांनीं पुतळ्याच्या डोळ्यांवर मापकें बसवून दिवसभर मोजमाप केलें, तेव्हां सूर्य माथ्यावर आला असतां भिवई व कपाळ यांचा आडोसा डोळ्यांस मिळतो, आणि मारा अधिक होतो तो सकाळीं आठ ते दहा व दुपारीं दोन ते चार ह्या वेळांत, असें दिसून आलें. आमच्याकडे 'उन्हें कलल्यावर निघूं' म्हणून जो प्रवासी तीन वाजतां पश्चिमेकडे तोंड करून चालूं लागतो, त्याच्या अंगास आराम मिळत असेल. डोळ्यांस मिळत नाहीं.

हें सारें हौशी गिर्यारोहकांपुरतें असतें तर मीं आपला वेळ घेतला नसता. अमेरिकेंतील चेसापीक उपसागरावर मासे व खेंकडे धरणाऱ्या ८३८ कोळ्यांची तपासणी करून १९८८ सालीं एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आयुष्यांत ज्यांनीं उन्हाचे हे किरण अधिक सोसले, त्यांच्यांत एका प्रकारचा मोतीबिंदू अधिक आढळला. मोतीबिंदूचीं कारणें अनेक आहेत, आणि वय हें त्यांत मुख्य. पण ऊन हें असें कारण आहे कीं, ज्यावर टोपी आणि चष्मा एवढ्या साध्या वस्तूंनीं कांहीं अंशीं तरी ताबा ठेवतां येतो. मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणारे डॉ. तात्याराव लहाने हे लातूर जिल्ह्यांतील माकेगांवचे. आमच्या भागानें महाराष्ट्रास असा नेत्रवैद्य दिला. पण त्याच भागांतील ऊसतोडीच्या फडांत, रस्त्याच्या खडीवर आणि सोयाबीनच्या रानांत चष्मा घातलेला मजूर मला क्वचितच दिसतो. कोणी घातलाच तर 'साहेब आले' म्हणून त्याची टर उडते. विळा आणि पाण्याची कळशी हीं जशीं कामाचीं साधनें, तसाच हा चष्मा मानला जाईपर्यंत मुकादमांनीं आणि कारखान्यांनीं तो आपण होऊन पुरवावा. हातमोजे व गमबूट यांची मागणी आज होते, तींत ह्याचीहि भर पडावी. त्याची किंमत शस्त्रक्रियेच्या मानानें कांहींच नाहीं.

एक सूचना राहिली, आणि ती लँबटनच्या डोळ्याविषयीं आहे. उन्हाचा चष्मा उन्हांत पाहण्यासाठीं आहे, सूर्याकडे पाहण्यासाठीं नव्हे. २२ जानेवारी १८९८ चें खग्रास ग्रहण पाहण्यासाठीं पुण्याचे प्राध्यापक नेगमवाला ह्यांनीं सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें आपल्या दुर्बिणी मांडल्या होत्या. त्या काळीं लोक कांचेस दिव्याची काजळी धरून ग्रहण पाहत. १९९५ च्या ग्रहणांत कित्येकांनीं क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मा डोळ्यांस लावल्या. हे दोन्ही उपाय भरंवशाचे नाहींत, आणि चौथ्या प्रतीचा गॉगलहि नाहीं. डोळ्याच्या आंतील पडद्यास वेदना कळत नाहीं. तो जळत असतां माणूस हंसत उभा असतो. ग्रहणासाठींच तयार केलेले प्रमाणित चष्मे मिळतात, अथवा वेल्डिंगची १४ क्रमांकाची कांच चालते. २ ऑगस्ट २०२७ रोजीं सायंकाळच्या सुमारास महाराष्ट्रांतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसावयाचें आहे. तो पावसाळ्याचा दिवस. ढग आडवे आले नाहींत, तर घरांतील मुलें गच्चीवर धांवतील. त्यांच्यासाठीं ह्यांपैकीं एखादी वस्तु आधींच आणून ठेवावी.